चावदिसाचे पोहे पाच तऱ्हेचे, पण संपवायचे कोणी?

अबोली_कुडाळ

मंडळी, यंदा दिवाळीला मुंबईची सगळी घरं गावी येणार आहेत. सासूबाईंचे गुडघे बोलायला लागलेत, त्यामुळे स्वयंपाकघर माझ्याकडे आलंय. म्हणजे सूचना त्यांच्या आणि डाव माझ्या हातात.

चावदिसाला, म्हणजे नरक चतुर्दशीला, पहाटे आंघोळी झाल्या, तुळशीपुढे कारीट फोडलं, जिभेला कडू लागलं, की आमच्याकडे पोह्यांची पंगत बसते. गूळपोहे, दूधपोहे, दहीपोहे, नारळाच्या रसातले पोहे आणि फोडणीचे. जोडीला काळ्या वाटाण्याचं सांबार. पाचही व्हायलाच हवेत, त्यात तडजोड नाही. अडचण पुढे आहे. प्रत्येक जण सगळ्यांतलं चमचाचमचा घेतो, पोरं चिवड्याच्या डब्याकडे पळतात आणि बाप्ये वाडीतल्या घराघरांत पोहे खायला निघतात ते दुपारी जेवायलाच परत. अकरा वाजता झाकण काढावं तर रसातल्या पोह्यांनी सगळा रस पिऊन टाकलेला, टोपात चमचा उभा राहील असा गोळा. नव्या भाताचे पोहे, टाकायचा तर प्रश्नच नाही. फ्रिज एकच, त्यात आधीच दूध, दही आणि झेंडूची फुलं.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. वीस-बावीस माणसांना हे पाच प्रकार किती करावेत? आणि उरतं त्याचं तुम्ही काय करता? नुसत्या पोह्यांचं नको, पुढे पाडवा, भाऊबीजेचे वडे, फराळ, सगळ्याचंच सांगा.

तात्या_देवगड

अगो, पाच परकार करतस ता बरा, पण खाणारे किती ता आधी मोज. आमच्या आयेन एका दिवाळीक सात परकार केल्यान. बापूस पाटार बसलो नि म्हणालो, "ह्यां जेवाण काय पोह्यांचा परदर्शन?" आये दिवसभर त्येच्याशी बोलाक नाय.

उरला तर इचार कित्याक करतस? फुडे पाडवो असाच. गोठ्यात नेऊन घाल, गुरांचोच सण तो.

गोठा_लांजा

तात्या, हात जोडून सांगतो, हे नका सुचवू. पाडव्याला गाईला नैवेद्याचा घास देणं वेगळं आणि घमेलंभर भिजलेले पोहे, भात, गूळ तिच्यापुढे ओतणं वेगळं. तिचं पोट गवतासाठी आहे. एवढं पिष्ट एकदम गेलं की पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो आणि जनावर बसतं ते उठत नाही. लग्नातला उरलेला भात खाऊन गुरं दगावतात ती याचमुळे. दिवाळीनंतर आमच्या वाडीतून डॉक्टरांना हमखास फोन जातो. मूठभर घाला, पुढे भरपूर गवत टाका, बस.

तात्या_देवगड

बरा बाबा. मूठभर.

खवणी

अबोली, आधी एक गोष्ट पक्की धर. ज्यात ओला नारळ आहे ते सगळ्यात पहिलं संपवायचं. ऑक्टोबरची उकड, वर आपली दमट हवा, त्यात नारळाचा रस दुपारपर्यंत टिकला तर नशीब. वास जरा जरी बदलला तर मोह नको.

रसातले पोहे कालवून ठेवायचेच नाहीत. पोहे धुऊन, निथळून परातीत मोकळे ठेव. गूळ, वेलची आणि मिठाची कणी घातलेला रस वेगळ्या भांड्यात, आणि ते भांडं गार पाण्याच्या टोपात. पंगत बसली की वाटीत पोहे, वर रस. दूधपोह्यांना आणि दहीपोह्यांना पण हेच. म्हणजे पाचांतले तीन प्रकार एकाच परातीतून निघतात, आणि उरलेच तर नुसते पोहे उरतात. त्यांचं दुपारी काहीही करता येतं. रस मात्र उकळून टिकवायला जाऊ नकोस, फाटतो. ताजा असतानाच डब्यात भरून बर्फाच्या कप्प्यात टाकलास तर नंतर आमटीला होतो.

गूळपोहे उरतातच. दूध घालून मिक्सरला फिरव, तांदळाचं पीठ आणि चिमूट सोडा घाल, आप्पेपात्रात गोड आप्पे कर. कालवलेले दहीपोहे उरले तर त्यात रवा, मिरची, आलं, कोथिंबीर, त्याचेही आप्पेच. फोडणीचे पोहे कुस्करून उकडलेल्या बटाट्यात मळलेस की कटलेट, पोरं ओळखतसुद्धा नाहीत. सांबार मात्र मुद्दाम जास्त कर. काळ्या वाटाण्याची मुरलेली चव पहिल्या दिवशी येतच नाही. दुसऱ्या सकाळी आंबोळ्या टाक, टोप पुसून निघतो.

आणि रस काढल्यावरचा चोथा फेकू नकोस! कढईत मंद आचेवर परतत राहा, हाताला कोरडा लागेपर्यंत परतायचाच. मग सुकी मिरची, लसूण, चिंचेचं बुटूक, मीठ घालून जाडसर फिरव. भाकरीवर ही चटणी आणि तिच्यावर कच्च्या तेलाची धार, बाकी काही लागत नाही.

दडपे_गुहागर

पाच-पाच प्रकार म्हणजे निव्वळ हौस. आमच्याकडे दडपे पोहे, एकच. पातळ पोहे, त्यावर सढळ हाताने ओलं खोबरं, मिरची-कोथिंबीर, लिंबू, नारळाच्या पाण्याचा हबका, की दडपून ठेवायचे. (कांदा ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीप्रमाणे.) शेवटी वरून फोडणी. गॅस लागतो तो तेवढ्यापुरता. उरत नाहीत, कारण उरण्याइतके करतच नाही. कमी करा की! उरलेल्याचे आप्पे करण्यापेक्षा ते सोपं.

माहेर_वेंगुर्ला

दडपे, हौस म्हणून उडवून लावू नका. पोहेच का, ते बघा. हळवं भात दसऱ्याच्या आसपास कापणीला येतं. नव्याच्या पौर्णिमेला आपण लोंब्या आणि आंब्याची पानं गुंफून दाराला नवं बांधतो. दिवाळीला त्याच भाताचे पोहे. वर्षाचं पहिलं धान्य घरात आलंय, तर ते दुधाबरोबर, दह्याबरोबर, गुळाबरोबर, नारळाबरोबर, घरात जे जे आहे त्याच्याबरोबर एकदा खाऊन बघायचं. यात दिखावा कुठे आला?

माझ्या आजोळी पोहे घरीच कांडायचे. भात कोमट पाण्यात भिजवून निथळायचा, थोडाथोडा भाजायचा, लाही फुटायच्या आत उतरवायचा आणि गरम आहे तोवर व्हायनात, म्हणजे जमिनीतल्या उखळात, ओतायचा. दोघी समोरासमोर. एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली, आणि तिसरी मधल्या क्षणात हात घालून भात वरखाली करणार. तिच्या बोटांकडे मला बघवत नसे. ती मात्र गप्पा मारत असायची. भात गार झाला की चपटा होत नाही, चुरा होतो, म्हणून ही सगळी घाई. आता गिरणीत जातं, ठीकच आहे, कोणाच्या कंबरेत तेवढं बळ राहिलंय!

भिजवण्यात आणि भाजण्यात दाणा आतून शिजलेला असतो, म्हणून पोहे नुसत्या पाण्यानेही खाण्याजोगे होतात. आणि म्हणूनच रस दिसला की पीत सुटतात. खवणीचं वेगळं ठेवायचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

दडपे_गुहागर

बरं, "हौस" मागे घेतो. दडपे पोह्यांना तोड नाही हे मागे घेणार नाही.

चाकरमानी_डोंबिवली

मी त्या "मुंबईच्या घरां"पैकी एक. आमचा फराळ तुतारी एक्सप्रेसने गावी येतो. गावात काकीने तेवढाच करून ठेवलेला असतो. दोन्ही एकत्र होतात आणि परतीला दुप्पट होऊन आमच्याच पिशवीत बसतात. मग डोंबिवलीत शेजारी "गावचा फराळ" म्हणून वाटतो. त्यातल्या निम्म्या चकल्या त्याच शेजारणीने दिवाळीआधी आम्हाला दिलेल्या असतात. अजून तिने ओळखलेल्या नाहीत, किंवा ओळखून बोलत नाही.

प्रयोगवही

अन्नशास्त्र शिकवते, म्हणून थोडं रुक्ष लिहिते. भातात बॅसिलस सिरियस नावाचा जिवाणू असतो आणि त्याचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. शिजलेला भात तासन्‌तास उबेत राहिला की ते रुजतात. त्यातून तयार होणारं एक विष असं आहे की ते पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून "चांगला कढत करून खाल्ला" हा बचाव भाताला चालत नाही. भिजवलेल्या पोह्यांनाही मी भातासारखंच वागवते. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, तेही पसरट भांड्यात. मोठा टोप तसाच आत ढकलला तर मधला भाग कितीतरी वेळ कोमटच राहतो. फ्रिज ५ अंश सेल्सिअसच्या खाली असावा.

सागोतीचं, म्हणजे वड्यांबरोबरच्या कोंबडी-मटणाच्या रश्शाचं, पण सांगते. हवी तेवढीच काढून खळखळून उकळा, रोज सगळा टोप गरम-गार, गरम-गार करू नका.

आणि अबोली, झेंडू फ्रिजमधून बाहेर काढा हो. ओल्या फडक्यात मजेत राहतो.

तात्या_देवगड

शिळ्या भाताची न्हेरी करून आमी शाळेत जायत होतो. मराक नाय कोण.

प्रयोगवही

तात्या, घरी रात्रीच्या भातात ताक घालून मडक्यात ठेवत असतील ना? आंबट झालं की बऱ्याच जिवाणूंची वाढ मंदावते. कोरडा भात झाकण घालून ओट्यावर सोडणं ही निराळी गोष्ट. आणि ज्यांची पोटं बिघडतात ते "बाहेरचं खाल्लं" म्हणून मोकळे होतात.

तात्या_देवगड

ताक घालीत. ता खरा.

जैतापूर_खाडी

आमच्याकडे दिवाळी नाही, पण वाडीतला सगळ्यात जास्त फराळ आमच्याच घरी जमतो. समोरच्या आळीतून ताटं येतात, प्रत्येकावर विणलेला रुमाल. ईदेला आमचा शीरखुर्मा तिकडे जातो. रिकामं ताट परत पाठवायचं नाही ही अम्मीची शिस्त. तिला काहीच सुचलं नाही की ती परसातली केळी ठेवते.

उरलेल्याचं विचारताय तर एक सांगते, नाक मुरडू नका. सुका खिमा करायचा, ताटलीत घ्यायचा, वर दिवाळीचा चिवडा, बारीक कांदा, लिंबू. आमच्या घरी चिवड्याचा तळ असाच संपतो. बेसनाचे लाडू उरले की दुधात कुस्करून आटवायचे आणि ताटात थापायचे, वडी पडते. साखर मुळीच घालायची नाही. करंज्या उरत नाहीत, त्यामुळे त्यांचं माहीत नाही.

चाकरमानी_डोंबिवली

खिमा आणि चिवडा!! आज संध्याकाळीच करतो. बायकोला सांगतो धाग्यावर पाककृती आली आहे, नाकारता येत नाही.

पेणकर

फराळ टिकवायचं राहिलंच. आपल्याकडे डबा दोन वेळा उघडला की चिवडा सादळतो. पसरट कढईत मंद आचेवर, तेल न घालता, हलक्या हाताने परता. मग परातीत पूर्ण गार होऊ दे, नंतर डबा. कोमट भरला की आतल्या आत वाफ धरते आणि होता त्याहून मऊ पडतो. खवट वास आला असेल तर मात्र परतण्यात अर्थ नाही. तेलच बिघडलेलं असतं, तो वास कशाने जात नाही. सुकं खोबरं न भाजता घातलं की हे लवकर होतं.

रव्याचे लाडू दगड झाले असतील तर फोडून दुधाचा हबका मारा, झाकण घालून वाफ काढा, आयता शिरा. ओल्या नारळाच्या करंज्या वेगळ्या डब्यात ठेवा आणि आधी वाटा. सुक्या सारणाबरोबर त्या ठेवल्या तर सगळंच जातं. करंजीचं सारण उरलं तर कणकेत भरून पोळ्या लाटा.

आणि पेणचा म्हणून कोणीतरी विचारणारच, त्याआधी सांगतो. भिजलेल्या उरलेल्या पोह्यांचे पापड होत नाहीत. त्याला सुक्या पोह्यांचं पीठ लागतं.

सुकट_आचरा

धागा कुठून कुठे गेला, वड्यांचं कोणी बोलेच ना. भाऊबीजेचे वडे "उरतात" हा शब्दच मला मान्य नाही. दुसऱ्या दिवसासाठी ते करायचेच असतात. शिळा वडा, जरासा चिवट झालेला, आणि दुधाचा गोड चहा. मेथी-धण्याचा वास चहात उतरतो. त्याला परत तळणारे लोक मी बघितले आहेत, त्यांच्याशी मी जास्त बोलत नाही.

माहेर_वेंगुर्ला

+१. तळायचा नाहीच. फार तर कोरड्या तव्यावर शेकायचा. मळलेलं पीठ उरलं तर त्यात कांदा, मिरची, कोथिंबीर आणि पाणी घालून सरसरीत करा, जाड घावन घाला. उडदामुळे मऊ होतात. पीठ रात्री बाहेर राहू देऊ नका, फार आंबतं.

सागोती थोडीच उरली असेल तर रस्सा आटवून सुकं करायचं आणि तांदळाच्या भाकरीबरोबर घ्यायचं. मला मूळ रश्शापेक्षा तेच आवडतं.

सुकट_आचरा

ह्या वाक्यावर माझ्या घरात भांडण होईल, पण अनुमोदन.

अबोली_कुडाळ

सगळं वाचतेय, वहीत उतरवून घेतेय. झेंडू बाहेर काढला. अजून एक: तळणीचं तेल. चकल्या, करंज्या, शंकरपाळी, मग वडे. शेवटी कढईत इतकं काळं तेल राहतं की फोडणीला घालवत नाही आणि ओतून देववत नाही.

प्रयोगवही

तेल पुन:पुन्हा तापलं की त्यात ध्रुवीय संयुगं वाढत जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. घरी मोजायला यंत्र नाही, म्हणून डोळे आणि नाक वापरायचं. रंग गडद, तेल चिकट, वर फेस राहतो, लवकर धूर येतो, म्हणजे ते संपलं. मुळात कढईत एकदम भरपूर ओतू नका. लागेल तसं थोड्या तेलात तळा. आधी शंकरपाळी-करंज्या, मग चकल्या, वडे सगळ्यात शेवटी. प्रत्येक घाण्यानंतर तळाला बसलेलं पीठ गाळून काढा, तेच जळून तेल काळं करतं. बरं राहिलेलं तेल गाळून थोड्याच दिवसांत भाजी-फोडणीला संपवा. काळं झालेलं मोरीत ओतू नका, पाइप धरतो.

तात्या_देवगड

काळा तेल आमी गडग्याच्या बेड्याक नि बिजागरीक लावतो. पावसात लोखंड गंजता, ह्यान जरा तग धरता. मुंग्ये येतत पण.

खवणी

अबोलीचा पहिला प्रश्न सगळे सोयीस्कर विसरले. किती करायचे?

जाड पोहे नाश्त्याला माणशी ७०-८० ग्रॅम सुके धर. वीस-बावीस माणसांना सगळे प्रकार मिळून दीड ते पावणेदोन किलो. प्रत्येक प्रकारी नव्हे, मिळून! घोळ इथेच होतो. बायका प्रत्येक प्रकार पूर्ण पंगतीच्या मापाने करतात आणि मग पाचपट होतात. अर्धा किलो फोडणीचे कर, कारण मोठी माणसं दुसऱ्यांदा तेच मागतात. गूळपोहे पाव किलो पुष्कळ. राहिलेल्यातले निम्मे भिजवून परातीत, निम्मे पिशवीतच. पोहे भिजायला वेळ तो काय लागतो, पाहुणा पायरीवर दिसला की धुवायला घे. वाटाणे सुके पाऊण किलो, ते दुसऱ्या दिवशीचं धरून.

आणि तुझी माणसं वाडीत खायला जातात तशी वाडीतली तुझ्याकडे येणार. हिशेब तोच राहतो.

अबोली_कुडाळ

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "दीड किलोत काय होतंय, अडीच घे." आणि चोथ्याच्या चटणीत त्या चिंचेऐवजी कोकम घालतात, तेवढं खवणीला कळवायला सांगितलंय.

खवणी

अडीच घे, दीडच भिजव. हे वाचून दाखवू नकोस. कोकमाचं करून बघते.

दडपे_गुहागर

विषय निघालाच आहे तर, काळे वाटाणे शिजतात कसे तुमचे? मी रात्री भिजवून सकाळी कुकरला लावतो, तरी दाताखाली कचकच येतेच.

माहेर_वेंगुर्ला

रात्री नाही, आदल्या दिवशी सकाळीच भिजवायचे. पाणी एकदा बदलायचं. जुने असतील तर पहिलं पाणी गरम घ्या. फुगलेले वाटाणे निवडताना टणक राहिलेले खडे बाजूला काढा, ते कशानेच शिजत नाहीत, आणि पंगतीत नेमके सासऱ्यांच्या ताटात जातात. कुकरची वाफ आपोआप जाऊ द्या. आणि कोकम किंवा चिंच वाटाणे पूर्ण मऊ झाल्यावरच. आंबट आधी पडलं की साल आवळते, मग कितीही शिट्ट्या काढा.

दडपे_गुहागर

कोकम मी आधीच घालत होतो. बघतो. दडपे पोह्यांबरोबर हे सांबार कसं लागेल?

तात्या_देवगड

इलो रे इलो, वाटेवर इलो.